मुंबईतील आपले बदलते पत्ते

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. संपादक मंडळाच्या इच्छेवरून स्मरणिकेसाठी थोडा विस्तारून दिला आहे.)



आजच्या बैठकीत चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषय शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. मंडळाच्या कचेरीतील लाकडी कपाटात जुन्या स्मरणिका बांधून ठेविल्या आहेत. त्या चाळीत असता आमचे लक्ष लेखांवर ठरेना; ते शेवटच्या पानांवरील सभासदांच्या यादीकडेच वारंवार जाऊ लागले. १९६१ सालच्या यादीतील पत्ते पाहावेत. ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट, झावबावाडी, कांदेवाडी. पुढे लालबाग, परळ, दादर, क्वचित माहीम. पार्ल्यापलीकडचा पत्ता आला की वाचणारा थबकावा. आता यंदाची यादी घ्या. डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरार, पनवेल. मधूनच गिरगाव व लालबाग दिसतात, परंतु त्यांच्यापुढे चाळीचे नाव नसते. कोणते तरी 'हाइट्स' असते, 'टॉवर' असतो, 'रेसिडेन्सी' असते. पूर्वी आपली सर्व ज्ञाती एका ट्रॅमच्या वाटेवर राहत होती असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आज ती दोन भागांत विभागली आहे, आणि या दोन भागांत जे अंतर पडले आहे ते नुसते मैलांचे नाही.

या स्थित्यंतरास इंग्रजीत 'जेंट्रिफिकेशन' असा शब्द आहे. रूथ ग्लास नामक समाजशास्त्रज्ञ विदुषीने लंडनच्या कामकरी वस्त्यांविषयी लिहिताना १९६४ साली तो योजिला. मराठीत त्यास 'श्रीमंतीकरण' म्हणावे असे आमच्या एका भाच्याने सुचविले. आम्हांस तो शब्द रुचला नाही. वस्ती श्रीमंत होते म्हणजे वस्तीतला माणूस श्रीमंत होतोच असे नाही, आणि आमचे आजचे सांगणे नेमके त्याविषयी आहे.

आपले पूर्वज कोकणातून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले ते काही ऐश्वर्य घेऊन नव्हे. वळकटी, तांदळाचे गाठोडे आणि गावच्या कोणाची तरी चिठ्ठी. ज्याला नातलग नव्हता तो गावकीच्या खोलीत राहिला. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस गडी, पाळीपाळीने कामावर जाणारे आणि पाळीपाळीने निजणारे. १८५० नंतरच्या दशकात या शहरात कापसाच्या गिरण्या निघू लागल्या आणि पुढील अर्धशतकात ताडदेवपासून परळपर्यंत भोंग्यांचे राज्य झाले. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. १९२० नंतर वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बीडीडी चाळी उठल्या, एकूण २०७. आपली माणसे थोडी साच्यावर होती, अधिक गिरणीच्या हिशेबखात्यात, टपालात, गोदीत आणि छापखान्यात. आमचे तीर्थरूप लालबागच्या एका गिरणीत कारकून होते. साचेवाला आणि कारकून यांच्या पगारात अंतर होते, नाही असे नाही. पण नळ एकच, जिना एकच, आणि गणेशोत्सवाची वर्गणीही एकाच वहीत लिहिली जाई.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाही तर आम्ही जुन्या काळाची आरती ओवाळतो आहो असा कोणाचा ग्रह व्हायचा. चाळीतील आयुष्य सुखाचे नव्हते. पहाटे चारला पाण्यासाठी उठणाऱ्या आपल्या आया, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडासापुढील रांग, एका खोलीत सासू, सून, बाळंतीण आणि परीक्षेला बसलेला दीर. हे ज्यांनी भोगले त्यांना ती स्मरणरम्यता परवडत नाही. २०१७ च्या ऑगस्टअखेर भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली. दर पावसाळ्यात आपल्यापैकी कोणाच्या तरी घरी टेकू लागलेले असत. तेव्हा जुन्या इमारती पाडूच नयेत असे म्हणणारा मनुष्य एक तर त्यांत राहत नसावा, किंवा त्याला छायाचित्रे काढण्याचा छंद असावा.

त्या इमारती मोडकळीस का आल्या, याचेही कारण सांगितले पाहिजे. १९४७ च्या कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली गेली. त्या वेळी ते योग्यच होते. पण बर्फ वितळलाच नाही. घरमालकाला मिळणाऱ्या भाड्यात जिन्याचा दिवा लागेना, तर तो वासे कोठून बदलणार? त्याने दुरुस्ती सोडली, आणि भाडेकरूने खोली सोडताना पागडीतून त्याचा तिसरा हिस्सा द्यावा असा अलिखित व्यवहार रूढ झाला. १९६९ साली उपकर बसवून दुरुस्ती मंडळ निर्माण करणारा कायदा झाला, तेव्हा उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी कालबाह्य व अन्यायकारक ठरविल्या. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आणि पागडीसही कायद्याची मान्यता दिली. मालक व भाडेकरू दोघेही एकाच पडक्या छताखाली एकमेकांवर दात धरून बसले होते. त्या दोघांची सुटका करतो असे सांगत तिसरा गृहस्थ आला, तो विकासक.

गिरण्यांच्या जमिनींची कथा वेगळी, पण शेवट तोच. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार होते. तो संप कोणी मिटविला नाही, तो विरून गेला. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी ठरला होता. २००१ साली नियमात फेरफार झाला. पूर्वी सर्व जमीन वाटणीस येत होती, ती आता केवळ आधीपासून रिकामी असलेली तेवढीच येऊ लागली. उच्च न्यायालयाने २००५ साली याविरुद्ध दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. २०१२ साली गिरणी कामगारांसाठी म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली तीत घरे होती ६,९२५, आणि अर्ज दीड लक्षाच्या घरात. पुढे शेलू-वांगणीकडे घरे देण्याची योजना आली, तेव्हा जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर जाऊन बसले. ज्यांनी लालबागेत घाम गाळला त्यांनी वांगणीला का जावे, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या झाल्या, परंतु रेल्वेचा पूल मात्र गिरण्यांच्या काळचाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जणांनी प्राण गमावले. उंच इमारतीत काम करणारा मनुष्यही खाली उतरल्यावर तेव्हा त्याच जुन्या पुलावर येत असे.

असो. आता आम्ही स्वतःकडे वळतो.

लालबागेतील आमची चाळ पाडली गेली तेव्हा आमच्या घराण्याची खोली केव्हाच दुसऱ्याच्या नावावर झालेली होती. तीर्थरूपांनी पागडीवर ती देऊन उपनगरात दोन खोल्या घेतल्या होत्या, आणि त्या वेळी आम्ही सारे आनंदाने गेलो होतो. हेही नमूद असावे. आपल्यातील पुष्कळ लोकांना कोणी हुसकून लावले नाही. स्वतंत्र संडास व मुलांना अभ्यासाची खोली यांसाठी ते आपण होऊन गेले. पुढे आमच्या चिरंजीवांनी कर्ज काढून त्याच आवारातील नव्या मनोऱ्यात जागा घेतली आणि आम्ही उतारवयात लालबागेत परत आलो. आमच्या बालमित्राचे कुटुंब मात्र कोठेच गेले नव्हते. ते त्याच चाळीत राहिले, काही वर्षे संक्रमण शिबिरात काढली, आणि नियमानुसार त्यांना नव्या इमारतीत विनामूल्य घर मिळाले. ते आपल्याच ज्ञातीचे. नाव सांगत नाही, कारण त्यांचे नातलग येथे बसलेले आहेत.

एका आवारात दोन इमारती आहेत. एकीस विक्रीची म्हणतात, दुसरीस पुनर्वसनाची. विक्रीच्या इमारतीचे द्वार मुख्य रस्त्यावर, पुनर्वसनाच्या इमारतीचे मागील गल्लीत. आमच्याकडे बाग आहे, पोहण्याचा तलाव आहे. त्यांच्याकडे दोन लिफ्ट आहेत, पैकी एक बहुधा बंद. आम्ही पहिल्याच आठवड्यात मित्राकडे जावयास निघालो तो आवारातून वाट नाही. रस्त्यावर येऊन, कोपऱ्यावरून वळून, गल्लीतून शिरावे लागले. चाळीत असता त्याचे दार आमच्या दारापासून चौदा पावलांवर होते.

मित्र छापखान्यात जुळारी होता. निवृत्तिवेतन दोन हजारांच्या आत. चाळीचे भाडे शेवटी शेवटी दोनशेच्या आसपास होते. नव्या घराचा महिन्याचा खर्च पाच हजारांवर गेला. लिफ्ट, पाण्याचा पंप, पहारेकरी, आग विझविण्याची यंत्रणा, बावीस मजल्यांच्या इमारतीस जे जे लागते ते सर्व. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना महापालिकेच्या मालमत्ता करातून २०२२ पासून सूट मिळाली, हे उपकारच झाले. पण लिफ्टला सूट कोण देणार? विकासकाने एकरकमी काही पैसे दिले होते, ज्यांच्या व्याजातून हा खर्च भागावा अशी अपेक्षा होती. त्यांतील अर्धे मुलीच्या लग्नात गेले, उरलेल्यांचे व्याज वर्षानुवर्षे खाली येत गेले. कोपऱ्यावरील वाणी, जो महिनाअखेर वहीवर लिहून सामान देई, त्याचे दुकान गेले आणि तेथे काचेची बेकरी आली. तीत पावाच्या एका लादीला जे पडते त्यात पूर्वी आठवड्याचा चहा-पाव होई. खानावळ गेली. कोळीण येते, पण आमच्या दारावरील पहारेकरी तिला आत सोडीत नाही. आमच्या मजल्यावर बोंबील तळल्याच्या वासाबद्दल एकदा लेखी तक्रार आली होती. तक्रार करणारे गृहस्थ मत्स्याहारीच होते, हे आम्हांस पक्के ठाऊक आहे.

वहिनी एकदा म्हणाल्या, "भावोजी, घर मोठं झालं खरं. पण इथं दार लोटलं की कुणाचा आवाज नाही. चाळीत भांडायला तरी माणूस होतं."

तीन वर्षे त्यांनी काढली. नंतर ती जागा भाड्याने देऊन ते बदलापूरला राहावयास गेले. कागदोपत्री ते आजही लालबागचे घरमालक आहेत, आणि त्यांना घर मिळाले म्हणून सरकारी वहीत ते सुखी माणसांत मोडत असतील. त्यांना कोणी काढले नाही. नोटीस नाही, गुंड नाही, बुलडोझर नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला एक बिल येत होते, इतकेच.

आता आमचा दोष सांगतो. ते जाण्याच्या आदल्या वर्षी आमच्या विक्रीच्या इमारतीच्या सभेत एक प्रस्ताव आला. गणेशोत्सवात पुनर्वसनाच्या इमारतीतील मुले बागेत येतात, सबब मधल्या लहान फाटकास कायमचे कुलूप घालावे. वर्षातून अकरा दिवस उघडणारे ते फाटक; तेवढीच काय ती आवारातली वाट. प्रस्ताव मांडणारे दुष्ट होते असे आम्हांस म्हणता येत नाही. नवरा-बायको दोघे दहा-दहा तास राबणारे, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर, उद्या जागा विकावी लागली तर भाव पडू नये ही त्यांची चिंता. ज्याच्या पगाराचा निम्मा भाग बँकेच्या हप्त्यात जातो त्याला शेजाऱ्यापेक्षा दराची काळजी अधिक वाटू लागते. आम्ही त्या कुलुपाच्या बाजूने हात वर केला नाही. परंतु विरुद्धही केला नाही. चिरंजीवांनी दंडाला हळूच स्पर्श केला आणि आम्ही बसून राहिलो. फाटकाला कुलूप लागले. त्या वर्षी मित्र दीड दिवसाच्या गणपतीस आमच्याकडे रस्त्याने वळसा घालून आला. त्याने कुलपाचा विषय काढला नाही, आम्हीही नाही.

ही गोष्ट एका आवाराची असती तर येथे सांगण्याचे प्रयोजन नव्हते. मंडळाच्या वधूवर सूचक शाखेतील भगिनींना विचारावे. पूर्वी मुलाकडील मंडळी घराणे, गाव, कुळदैवत विचारीत. आता पत्ता लालबागचा निघाला की पुढचा प्रश्न येतो, "विक्रीच्या इमारतीत की पुनर्वसनाच्या?" एकच ज्ञाती, एकच कुळदैवत, एकच आवार, आणि सोयरीक अडते ती कोणत्या दारातून आत जाता यावर. आपल्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी पुढील पानांवर आणि वर्गणी थकलेल्यांची सूचना मागील पानांवर छापली जाते. या दोन याद्यांतील पत्ते कोणी ताडून पाहावेत, आम्ही पाहिले आहेत.

आणि आता मंडळाच्या स्वतःच्या वास्तूचा प्रश्न आला आहे, म्हणूनच हे भाषण. आपली गिरगावातील इमारत आपल्या आजोबा-पणजोबांच्या पै-पैच्या वर्गणीतून उभी राहिली. तळमजल्यावर सभागृह व तीन दुकाने, वर चौदा बिऱ्हाडे. नऊ ज्ञातीतील, पाच इतर ज्ञातींची. इमारत जीर्ण झाली आहे, तिला टेकू लागले आहेत, तेव्हा ती पाडण्यास आमचा विरोध नाही. विकासकाचा प्रस्ताव आपणांस ठाऊक आहे. मंडळास वातानुकूलित सभागृह व शिष्यवृत्ती निधीस मोठी रक्कम, भाडेकरूंस घरे, आणि वरचे मजले विक्रीस. मेट्रोचे स्थानक गिरगावात आल्यापासून त्या मजल्यांचा भाव काय होणार हे सांगावयास नको.

गेल्या सर्वसाधारण सभेत जी वादावादी झाली ती आपण विसरला नसाल. एका बाजूने म्हटले गेले की, भाडेकरूंना फुकट घर मिळते आहे, आणखी काय हवे? दुसऱ्या बाजूने एक वृद्ध भगिनी उठून म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्हांला भाऊ म्हटलं, आज कळलं तुम्ही घरमालक आहात." सभेत काही काळ कोणी बोलेना. पहिल्या बाजूचे बहुतेक सभासद चांगल्या वस्तीत राहणारे होते, आणि आमची खुर्चीही त्यांच्यातच होती.

उपसमितीत आम्ही ज्या अटी मांडल्या त्या येथे पुन्हा सांगतो. इमारतीस जिना व द्वार एकच असावे. विकत घेणारा त्याच दारातून यावा. चौदा बिऱ्हाडांना द्यावयाची एकरकमी रक्कम हातात न देता मंडळाकडे ठेव म्हणून राहावी, आणि एका दुकानाचे भाडे कायमचे तिला जोडून त्यांतून त्यांचा देखभालखर्च भागवावा, म्हणजे जे आमच्या मित्राचे झाले ते त्यांचे होणार नाही. पाच इतर ज्ञातींच्या बिऱ्हाडांनाही तंतोतंत हेच मिळावे; त्यांनी आपल्या पायऱ्या तितक्याच झिजविल्या आहेत. खालच्या शिंप्याला व चहावाल्याला नव्या इमारतीत गाळा मिळावा. आणि सभागृहाचे भाडे इतके वाढू नये की बदलापूरच्या सभासदास मुलीचे लग्न स्वतःच्या ज्ञातीच्या वास्तूत लावता येऊ नये.

विकासकाने यावर उत्तर दिले की, मग एक मजला कमी विकावयास मिळेल आणि सभागृह वातानुकूलित होणार नाही, शिष्यवृत्ती निधीची रक्कमही घटेल. शिष्यवृत्तीचे आम्हांस वाईट वाटते. तो प्रश्न खरा आहे व त्याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. निधी घटला तर काही मुलांची फी अडेल, आणि ती मुलेही बहुधा बदलापूर-विरारचीच असतील. ती तूट वर्गणीतून भरून काढावी असे आमचे मत आहे, व उंच इमारतींत राहणाऱ्या सभासदांनी, आम्ही धरून, ती अधिक द्यावी. पंख्याविषयी मात्र आम्हांस चिंता नाही. आपल्या सर्वांची लग्ने पंख्याखालीच लागली आहेत.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मतास येईल. त्या सभेस चौदाही बिऱ्हाडांतून एकेक मनुष्य, सभासद असो वा नसो, बोलण्यास बोलावावा, असा ठराव आम्ही आजच कार्यवाहांच्या हाती लेखी देत आहो. त्यावर सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. बैठक संपल्यावर कागद कचेरीच्या मेजावर राहील.